निरंक : जबाबदार गुंतवणुकीच्या क्षेत्रातील मंडळींना खुले पत्र

प्रति,
म्युच्युअल फंडांच्या ईएसजी योजनांचे व्यवस्थापक व विश्लेषक, ईएसजी मानांकन संस्थांतील अधिकारी, शाश्वतता अहवालांची खातरजमा करणारे लेखापरीक्षक आणि कंपन्यांच्या शाश्वतता विभागांत काम करणारे सर्वजण, मुंबई.

विषय : ऊसतोड कामगारांविषयी आपल्या कागदांवर येणारे ‘शून्य’.

सप्रेम नमस्कार.

मी बीड जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळांवर ३१ वर्षे शिकवून निवृत्त झालेली प्राथमिक शिक्षिका आहे. निवृत्तीच्या वेळी हाती आलेल्या रकमेतला काही भाग बँकेतल्या अधिकाऱ्यांच्या सल्ल्याने मी एका म्युच्युअल फंडाच्या ईएसजी योजनेत ठेवला. पर्यावरण, समाज आणि कारभार या तिन्ही कसोट्यांना उतरणाऱ्या कंपन्यांतच हा पैसा जाईल, असे मला सांगण्यात आले होते आणि ते मला मनापासून पटले होते. ज्या मुलखात मी आयुष्य काढले, तिथल्या माणसांच्या हलाखीवर माझ्या म्हातारपणाची सोय उभी राहू नये, एवढीच माझी अपेक्षा होती. आपण जे काम करता त्याबद्दल मला आदर आहे. नफ्याच्या आकड्याशेजारी पाण्याचा, धुराचा आणि माणसाचाही आकडा मांडला गेला पाहिजे, असा आग्रह धरणारे लोक शेअर बाजाराच्या जगात आहेत, ही माझ्या पिढीला नवी आणि दिलासा देणारी गोष्ट आहे. त्या आदरापोटीच, आपल्या कामात राहून गेलेल्या एका उणिवेकडे लक्ष वेधण्यासाठी मी हे पत्र लिहीत आहे.

योजनेचे पत्रक दर महिन्याला येते. गेल्या वर्षी मी त्यातल्या कंपन्यांची नावे एकेक करून वाचायला घेतली. बिस्किटे आणि शीतपेये विकणाऱ्या कंपन्या होत्या, औषधांच्या कंपन्या होत्या, पेट्रोलमध्ये मिसळण्यासाठी इथेनॉल विकत घेणारी तेल कंपनीही होती. यांतल्या अनेकींना साखर लागते किंवा उसापासून बनलेले इथेनॉल लागते, आणि तो ऊस कोण तोडतो हे बीडच्या शिक्षिकेला कुणी सांगायला नको. मग चार्टर्ड अकाउंटंट असलेल्या माझ्या भाच्याच्या मदतीने मी या कंपन्यांचे ‘व्यवसाय जबाबदारी आणि शाश्वतता अहवाल’, ज्यांना आपण बीआरएसआर म्हणता, मिळवले आणि वाचले. सेबीने, म्हणजे शेअर बाजाराच्या नियामक संस्थेने, मे २०२१ मध्ये हा नमुना ठरवून दिला आणि बाजारमूल्यानुसार पहिल्या १००० नोंदणीकृत कंपन्यांना तो २०२२-२३ पासून बंधनकारक केला, त्यात नऊ तत्त्वे आहेत आणि पाचवे मानवी हक्कांविषयी आहे, हे सारे आपल्याला माझ्याहून चांगले ठाऊक आहे. त्या पाचव्या तत्त्वाखाली वर्षभरात आलेल्या तक्रारींचा तक्ता असतो. मी वाचलेल्या अहवालांत बालमजुरी आणि सक्तीची किंवा वेठबिगारीची मजुरी या दोन ओळींपुढे सगळीकडे एकच उत्तर होते : शून्य.

सरकारी कागदावर या शून्याला आम्ही ‘निरंक’ म्हणतो. हा शब्द मी स्वतः शेकडो वेळा लिहिला आहे आणि तो कसा लिहिला जातो हे मला आतून माहीत आहे, म्हणून आधी त्याविषयी सांगते.

आमच्या भागात दसऱ्यानंतर वर्ग रिकामे होऊ लागतात. ऊसतोडीच्या टोळ्या निघाल्या की घरी आजी-आजोबा असलेली मुले मागे राहतात. ज्यांच्या घरी कुणी नाही ती भांडी, बोचकी, शेळ्या आणि चार-सहा महिन्यांची ज्वारी यांच्याबरोबर ट्रकमध्ये बसून सांगली, कोल्हापूर, सोलापूर किंवा थेट कर्नाटकात जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर, हंगाम संपून पट्टा पडल्यावर, परत येतात. सरकारने साखरशाळा काढल्या, हंगामी वसतिगृहे काढली, स्थलांतर करणाऱ्या मुलांसाठी शिक्षण हमी कार्ड आणले, आणि त्या प्रत्येक उपायाने काही मुले खरोखर शिकली. पण जी गेली त्यांची नावे पटावर राहिली, कारण पट घसरला की शिक्षक अतिरिक्त ठरतो आणि शाळाच धोक्यात येते. केंद्रशाळेकडून नमुना यायचा, त्यात शाळाबाह्य मुलांची संख्या विचारलेली असायची, आणि मी ‘निरंक’ लिहून सही करत असे. शेजारच्या गावातल्या शाळेकडूनही तेच जात असे आणि तालुक्याच्या गोषवाऱ्यात त्याची बेरीज होत असे. ४ जुलै २०१५ रोजी राज्यभर एकाच दिवशी शाळाबाह्य मुलांचे सर्वेक्षण झाले. त्या दिवशी मी घरोघर फिरले आणि माझी सगळी मुले मला गावातच सापडली, कारण जुलैत ऊसतोड नसते. तो आकडा मी प्रामाणिकपणे लिहिला. तो जुलैतला आकडा होता, आणि पुढे वर्षभर आम्ही तो वर्षाचा म्हणून वापरला.

त्या सुमारास सातवीत एक मुलगी होती. गणितात ती वर्गात सगळ्यांच्या पुढे असे आणि शेवटच्या तासाला लहान वर्गांना पाढे सांगायला तिला मी पाठवीत असे. दिवाळीनंतर ती आली नाही. एप्रिलमध्ये परत आली तेव्हा तिच्या गळ्यात मंगळसूत्र होते आणि उसाच्या पात्याने हात कोपरापर्यंत चिरलेले होते. ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडप्याला मिळून एक कोयता धरतात. नवऱ्याचा कोयता एकट्याचा म्हणजे अर्धा होता, तो पूर्ण करण्यासाठी लग्न झाले होते. पटावर तिच्या नावापुढे त्या वर्षीही उत्तीर्ण असा शेरा आहे आणि तो माझ्या हस्ताक्षरात आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, बीड जिल्ह्यातल्या २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी ४० टक्क्यांहून अधिक जणींचे लग्न १८ वर्षांच्या आत झालेले आढळले. या प्रमाणाला दुष्काळ, हुंडा, मुलीच्या सुरक्षिततेची धास्ती अशी अनेक कारणे आहेत. परंतु जोडप्याला कोयता म्हणून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, मिळते आणि एकट्याला अर्धीच मिळते, हे त्यांतले एक कारण आहे, आणि ते साखरेच्या धंद्याच्या रचनेतून आलेले आहे.

ही रचना आपल्यापैकी ज्यांनी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी ती थोडी उलगडून सांगते. श्रावण-भाद्रपदात टोळ्या जमवणारा मुकादम गावात येतो आणि येणाऱ्या हंगामाच्या मजुरीपोटी प्रत्येक कोयत्याला आगाऊ रक्कम देतो. हीच उचल. ती दवाखान्यात, लग्नात, जुन्या कर्जात किंवा पावसाळ्यातल्या किराण्यात लगेच संपते आणि मग ती फेडण्यासाठी जोडपे पाच-सहा महिने उसाच्या फडावर राबते. मोजमाप टनावर होते. जानेवारी २०२४ मध्ये साखर कारखाना संघ आणि ऊसतोड कामगारांच्या संघटना यांच्यात ३४ टक्के वाढ ठरली आणि टनामागचा दर २७३ रुपयांवरून ३६६ रुपयांवर गेला. दोघे मिळून दिवसाला साधारण दीड-दोन टन ऊस तोडतात, साळतात, मोळ्या बांधतात, त्या डोक्यावरून वाहून वाहनात चढवतात, आणि वाहन रात्री दोनला आले तर रात्री दोनला भरतात. आजारपणामुळे एखादा दिवस गेला तर तो खाडा धरला जातो आणि पैसे कापले जातात. हंगाम संपल्यावर हिशेब मुकादमाच्या वहीत होतो. उचल फिटली नाही तर बाकी पुढच्या वर्षावर जाते, आणि पुढच्या वर्षी त्याच मुकादमाकडे जावे लागते.

आगाऊ रकमेच्या बदल्यात माणसाला बांधून घेणे हा वेठबिगार पद्धत निर्मूलन कायद्याने १९७६ पासून गुन्हा आहे. किमान वेतनाहून कमी मोबदल्यात करून घेतलेले काम हे राज्यघटनेच्या २३व्या कलमाच्या अर्थाने सक्तीचे काम ठरते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये, दिल्लीत आशियाई स्पर्धांच्या बांधकामांवरील मजुरांच्या प्रकरणात सांगितले. प्रत्येक उचल वेठबिगारी आहे असे माझे म्हणणे नाही. अनेक मुकादम स्वतःच कर्जात बुडालेले असतात, उचल घेऊन पळून जाणाऱ्या टोळ्यांनी काहींची घरे उद्ध्वस्त केली आहेत, आणि बँक ज्यांना दारात उभी करत नाही अशा कुटुंबांना उचल हाच एकमेव आधार असतो. पण एखाद्या जोडप्याची सोडून जाण्याची वाट खुली आहे की नाही, त्यांचा हिशेब त्यांना दाखवला जातो की नाही, त्यांचे मूल कोयता धरते की नाही, हे प्रश्न प्रत्येक टोळीपाशी जाऊन विचारावे लागतात, आणि आपल्या अहवालांत ते कुणी विचारल्याचे मला दिसले नाही.

ते का दिसत नाही, हे भाच्याने मला समजावून सांगितले. तक्रारींचा तो तक्ता कंपनीच्या स्वतःच्या कर्मचाऱ्यांपुरता आणि कामगारांपुरता असतो. कंपनी ज्यांच्याकडून माल घेते त्यांच्याकडे बालमजुरी, सक्तीची मजुरी, वेतन यांची तपासणी झाली का, हा प्रश्न अहवालात आहे, पण तो ‘नेतृत्व निर्देशांक’ या ऐच्छिक भागात आहे. मी वाचलेल्या काही अहवालांत तिथे काहीच लिहिलेले नव्हते आणि काहींत पुरवठादारांकडून आचारसंहितेवर सही घेतल्याचे लिहिले होते. आता ही साखळी पाहा. बिस्किटाची कंपनी साखर व्यापाऱ्याकडून घेते, व्यापारी कारखान्याकडून घेतो, कारखान्याचा करार वाहतूक ठेकेदाराशी असतो, ठेकेदाराचा मुकादमाशी असतो आणि मुकादमाचा कोयत्याशी बहुधा तोंडीच असतो. कारखान्याच्या हिशेबात तोडणी आणि वाहतूक या नावाने फार मोठी रक्कम असते, ती शेतकऱ्याच्या उसाच्या दरातून वळती होते, आणि त्या रकमेखाली किती माणसे आहेत हे मात्र कुठेच लिहिलेले नसते. कारखान्याच्या कामगारांच्या यादीत तोडणारे नसतात. म्हणून कारखान्यानेही आपल्यापुढे प्रामाणिकपणे शून्य लिहिले, तर ते त्याच्या कागदाशी तंतोतंत जुळेल, आणि खातरजमा करायला आलेल्या लेखापरीक्षकालाही ते जुळलेलेच दिसेल.

हीच गोष्ट मला सर्वांत जास्त सलते. १२ जुलै २०२३ च्या परिपत्रकाने सेबीने ‘बीआरएसआर कोअर’, म्हणजे त्या अहवालातल्या निवडक आकड्यांचा गाभा, आणला, त्यातल्या आकड्यांची त्रयस्थाकडून खातरजमा टप्प्याटप्प्याने सक्तीची केली, आणि पाठोपाठ ईएसजी योजनांनी आपला किमान ६५ टक्के पैसा अशी खातरजमा झालेल्या कंपन्यांतच ठेवावा, असा नियम केला. माझ्यासारख्या गुंतवणूकदाराच्या रक्षणासाठीच हे झाले आणि त्याबद्दल मी कृतज्ञ आहे. पण त्या कोअरमध्ये हरितगृह वायू, पाणी, ऊर्जा, कचरा, अपघात, स्त्रियांना दिलेले वेतन, लहान उद्योगांकडून घेतलेला माल असे नऊ गट आहेत आणि वेठबिगारी किंवा बालमजुरी हा त्यांतला स्वतंत्र गट नाही. मोजायला सोपे ते आत आले आणि मोजायला अवघड ते बाहेर राहिले. खातरजमा लिहिलेल्या आकड्याची होते. ज्या माणसाची नोंदच झाली नाही, त्याला कोणताही लेखापरीक्षक टेबलावर बसून शोधू शकत नाही.

मूल्यसाखळीचे, म्हणजे कंपनीला माल देणाऱ्यांच्या आणि तिच्याकडून घेणाऱ्यांच्या माहितीचे, दार २०२३ मध्ये थोडे उघडले होते. पहिल्या २५० कंपन्यांनी आपल्या खरेदी-विक्रीतल्या ७५ टक्के वाट्याच्या भागीदारांची माहिती २०२४-२५ पासून द्यावी, अथवा न देण्याचे कारण सांगावे, असे ठरले होते. ते वर्ष संपायच्या आत उद्योगांकडून अडचणी मांडल्या गेल्या, आणि डिसेंबर २०२४ मधला निर्णय व २८ मार्च २०२५ चे परिपत्रक यांनी ही माहिती एक वर्ष पुढे ढकलून ऐच्छिक केली. शिवाय ज्या भागीदाराचा खरेदीतला किंवा विक्रीतला वाटा एकट्याचा दोन टक्के किंवा त्याहून जास्त आहे, तेवढाच मोजावा असे ठरले. लहान पुरवठादारांवर कागदांचा फार बोजा पडेल, ही अडचण खरी आहे. पाच नोकरांच्या कारखानदाराला चाळीस पानी प्रश्नावली पाठवून कुणाचेच भले होत नाही. पण साखरेच्या बाबतीत या दोन टक्क्यांचा अर्थ काय होतो पाहा. मैदा, तेल, वेष्टण, वीज, वाहतूक या साऱ्यांत साखर हा एक घटक, आणि तो दहा-वीस कारखान्यांत व व्यापाऱ्यांत विभागलेला. कोणताही एक कारखाना दोन टक्क्यांच्या खाली सहज राहू शकतो आणि त्याच्याबरोबर त्याच्या फडावरची हजारो माणसेही चाळणीतून गळून जातात. धोका जिथे आहे तिथे पाहायचे की रक्कम मोठी आहे तिथे पाहायचे, हा निवड करण्याचा प्रश्न आहे. नियमाने निवडले ते आपल्याला पाळावे लागेल, पण नियमाने आपल्याला अधिक पाहण्यापासून अडवलेले नाही.

या फडावर स्त्रियांचे काय होते, हे एव्हाना गुपित राहिलेले नाही. बीडमधल्या ऊसतोड करणाऱ्या स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये विधिमंडळात गाजला, विधान परिषदेच्या तेव्हाच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, आणि जिल्ह्यात पाहणी केलेल्या ८२ हजारांहून अधिक स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींवर ही शस्त्रक्रिया झालेली आढळली. माझ्या विद्यार्थ्यांच्या आयांपैकी अनेक जणी त्यांत असतील. त्यांच्यापैकी काहींनी मला जे सांगितले ते अगदी साधे होते : पाळीच्या दिवसांत फडावर ना आडोसा, ना पाणी, ना बसायची सवड, अंगावरून जात राहिले, खाडा परवडत नव्हता, खासगी डॉक्टर म्हणाले की पिशवी काढली म्हणजे कटकट जाईल. पुढे मार्च २०२४ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने महाराष्ट्रातल्या ऊसतोडीतले कर्ज, बालविवाह आणि या शस्त्रक्रिया यांवर सविस्तर लिहिले आणि ही साखर घेणाऱ्या बड्या शीतपेय कंपन्यांची नावे जगापुढे आली. त्यानंतर आपल्यापैकी काही जणांनी कंपन्यांकडे चौकशी केली असेल, अशी मला आशा आहे. परंतु विधिमंडळाच्या पटलावर आलेली गोष्ट मुंबईतल्या गुंतवणूकदारांच्या प्रश्नावलीत यायला परदेशी वर्तमानपत्राची वाट पाहावी लागू नये.

इथेनॉलविषयी दोन शब्द लिहिणे भाग आहे. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट २०३० वरून २०२५ वर आणले गेले आणि ते गाठलेही गेले. कारखान्यांनी आसवन्या उभारल्या, सरकारने त्यासाठीच्या कर्जांवर व्याजात सवलत दिली, आणि आपल्या तक्त्यांत हा सारा पैसा हिरवा म्हणून मोजला जातो. तो ऊस त्याच कोयत्याने तुटतो. टाकीत पडणाऱ्या लिटरमागे किती कार्बन वाचला याचा हिशेब दशांशापर्यंत मांडणाऱ्यांनी त्या लिटरमागे फडावर कोण उभे होते, हेही त्याच पानावर लिहावे, अशी माझी मागणी आहे. आता तोडणीयंत्रे येत आहेत आणि काही अहवाल त्यांना सुधारणा म्हणतात. पाठीवरचे ओझे उतरणार असेल तर मला आनंदच आहे. पण आष्टी-पाटोद्यातल्या आणि धारूर-वडवणीतल्या ज्या घरांत उसाशिवाय दुसरे उत्पन्न नाही, त्यांचे काय होणार याचा एक परिच्छेदही त्या अहवालांत मला आढळला नाही.

माझी विनंती काय आहे ते आता स्पष्ट लिहिते. साखरेशी संबंध असलेल्या कंपन्यांतून आपण पैसा काढून घ्यावा, असे मी मुळीच म्हणत नाही. आपण बाहेर पडलात तर आपली यादी स्वच्छ होईल, आपले समभाग दुसरा कुणी घेईल, आणि फडावर काहीच बदलणार नाही. उलट आपण आत राहावे आणि मालक म्हणून विचारावे. म्युच्युअल फंडांना सेबीने घालून दिलेली विश्वस्ताची संहिता १ जुलै २०२० पासून लागू आहे. कंपन्यांवर लक्ष ठेवणे, त्यांच्याशी बोलणे, मतदान करणे आणि त्याची कारणे जाहीर करणे हे आपले कर्तव्यच आहे. संयुक्त राष्ट्रांच्या पाठिंब्याने २००६ मध्ये जाहीर झालेल्या जबाबदार गुंतवणुकीच्या सहा तत्त्वांपैकी दुसरे तत्त्वही सक्रिय मालक होण्याविषयीचे आहे. तेव्हा पुढच्या बैठकीत कंपनीला विचारा की तिची साखर किंवा इथेनॉल कोणत्या कारखान्यांतून येते, आणि ती नावे जाहीर करायला सांगा. व्यापारी मध्ये आहे म्हणून नावे ठाऊक नाहीत, हे उत्तर स्वीकारू नका. साखरेच्या पोत्यावर कारखान्याचे नाव असते.

कारखान्याला टोळ्या ठाऊक नसतात, हेही खरे नाही. वजनकाट्यावर येणाऱ्या प्रत्येक खेपेचे वजन, शेतकऱ्याचे नाव आणि वाहनाचा क्रमांक नोंदला जातो. तोडणीचे बिल त्याच नोंदीवरून निघते, त्यामुळे कोणती टोळी कोणत्या फडात आहे हे शेतकी विभागाला रोज कळत असते. त्या नोंदीत टोळीतल्या माणसांची नावे, वये आणि त्यांच्या नावावरची उचल जोडली गेली, तर एका हंगामात कागद उभा राहू शकतो. राज्यात लोकनेते गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ आहे. गाळप झालेल्या उसावर टनामागे १० रुपये कारखान्यांनी द्यावेत आणि तितकीच भर सरकारने घालावी, अशी त्याची आखणी आहे. आपल्या कंपनीला साखर देणारा कारखाना हे पैसे वेळेवर भरतो का, त्याच्या टोळ्यांतल्या किती जणांकडे ओळखपत्र आहे, विमा किती जणांना मिळाला, त्यांच्या कोप्यांजवळ, म्हणजे झोपड्यांजवळ, पाणी आणि शौचालय आहे का, गरोदर आणि बाळंतीण बाईचा खाडा कापला जातो का, हे विचारायला नवा कायदा लागत नाही. याची उत्तरे आपल्या मानांकनात धरा. जी कंपनी शोध घेऊन अडचणी सांगते तिचे गुण कमी होतात आणि जी शोधच घेत नाही तिचे शून्य पूर्ण गुण मिळवते, ही आजची रीत बदला. मी शिक्षिका होते. खरे सांगणाऱ्या मुलाला शिक्षा आणि लपवणाऱ्याला शाबासकी दिली, तर वर्ग काय शिकतो हे मी पाहिले आहे.

याला पैसा लागेल, हे मला समजते. नीट मोजले गेले तर तोडणीचा दर वाढेल, मुकादमाचा धोका कुणीतरी वाटून घ्यावा लागेल, कोप्यांच्या जागी निवारे बांधावे लागतील. तो भार आधीच थकलेल्या बिलांची वाट पाहणाऱ्या ऊस उत्पादक शेतकऱ्यावर ढकलला जाऊ नये. साखरेतून आणि इथेनॉलमधून नफा मिळवणाऱ्या प्रत्येकाने त्यातला वाटा उचलावा आणि त्यात मीही आले. माझ्या युनिटांचा परतावा त्यामुळे कमी झाला तर मला तो मान्य आहे, हे मी या पत्राद्वारे लिहून देते. माझ्यासारखे आणखी किती गुंतवणूकदार असे म्हणतील हे आपण त्यांना विचारावे. ईएसजी योजना घेताना मला जोखीम किती पेलवेल हे विचारणारा अर्ज भरून घेतला गेला, पण कुणाच्या जिवावर मिळालेला परतावा मला नको आहे, हे त्या अर्जात कुठेही विचारलेले नव्हते.

शेवटी पाहणीच्या वेळेविषयी लिहिते, कारण ४ जुलैची चूक आपल्याकडून होऊ नये. कारखान्याची पाहणी उन्हाळ्यात किंवा पावसाळ्यात करू नका, आणि करायचीच असेल तर कारखान्याच्या अतिथिगृहातून करू नका. दोनदा या. एकदा ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये आमच्याकडे या, उचल वाटली जात असते तेव्हा, म्हणजे करार कसा होतो आणि कोणत्या गरजेपोटी होतो हे दिसेल. दुसऱ्यांदा डिसेंबर-जानेवारीत फडावर या, पहाटे चारच्या आधी. बरोबर कारखान्याचा शेतकी अधिकारी, फडावर चिठ्ठ्या देणारा चिटबॉय किंवा मुकादम नको. बायकांशी बोलायला मराठी बोलणारी बाईच हवी आणि बोलणे कोपीवर हवे, पुरुष मोळ्या वाहायला गेलेले असताना. त्यांच्या कामात खोळंबा होईल तेवढ्या वेळेची मजुरी आधीच देऊन ठेवा, नाहीतर आपली पाहणीच त्यांचा खाडा ठरेल. त्यांची नावे अहवालात लिहू नका, कारखान्याचे लिहा.

माझ्या गावातून आणि आसपासच्या वाड्यांतून निघणाऱ्या टोळ्या कोणत्या कारखान्यांकडे जातात, हे मला आजही ठाऊक आहे, कारण त्यांतले बरेच जण माझ्या वर्गात बसलेले आहेत आणि भेटायला येतात. आपल्यापैकी कुणी येणार असेल तर योजनेच्या गुंतवणूकदार सेवा कक्षाकडे मी याच मजकुराचे पत्र माझ्या फोलिओ क्रमांकासह पाठवले आहे, त्यावर तारीख कळवावी. मी बरोबर येईन.

आपली,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका आणि आपल्या योजनेतील युनिटधारक,
जिल्हा बीड